लक्ष्मीबाई हव्यात, त्यांची प्रार्थना नको

मराठी समीक्षेला ख्रिस्ती लेखक वर्ज्य आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई ही नावे वाङ्मयेतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडतात. त्यांच्यावर परीक्षेत प्रश्न येतात आणि विद्यार्थी त्यांची उत्तरेही बरी लिहितात. तेव्हा वगळले गेल्याची तक्रार आम्हाला करायची नाही. आमची तक्रार आहे ती स्वीकाराच्या रीतीबद्दल. या लेखकांना घरात घेताना त्यांची श्रद्धा वहाणांसारखी उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला लावली जाते, आणि नंतर ते अनवाणी का, असा प्रश्नही कोणाला पडत नाही.

एकेक उदाहरण घेऊ. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ. त्यातल्या आमच्या समीक्षेला तोंडपाठ असलेल्या ओव्या किती? मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या मोजक्या. मराठी भाषा दिनाच्या फलकावर त्याच, उद्घाटनाच्या भाषणात त्याच, आणि विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांतही त्याच. ज्या कथेसाठी या इंग्रज जेझुइटाने ही भाषा शिकली, कोकणीचे व्याकरण लिहिले, ओवीचा छंद हाती घेतला, त्या कथेचे काय? तारणाऱ्याचा जन्म, त्याचे दुःखसहन, त्याचा वधस्तंभ ओवीत उतरताना ओवीला काय झाले आणि कथेला काय झाले, हा साहित्याचाच प्रश्न आहे. पण तो प्रश्नपत्रिकेत येत नाही.

बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे साल सर्वांना पाठ असते. विधवांच्या स्थितीचे निरूपण म्हणून तिचा सामाजिक आशयही सांगितला जातो. पण यमुना शेवटी ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते, हा शेवट बहुधा ओशाळवाण्या स्वरात, 'प्रचारकी' या एका विशेषणात गुंडाळून पुढे जाण्याची रीत आहे. शेवट कलादृष्ट्या दुबळा असेल. तसे म्हणायला आमची हरकत नाही. मात्र ज्या लेखकाने स्वतःच्या धर्मांतराचा वृत्तान्त पुढे 'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रात सविस्तर मांडला, त्याला विधवेची मुक्ती आणि आत्म्याची मुक्ती एकाच सूत्रात का ओवावीशी वाटली, हे तपासल्याखेरीज तो शेवट निकालात काढण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

पंडिता रमाबाईंची गत याहून चमत्कारिक. 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) लिहिणाऱ्या रमाबाई आपल्या, अमेरिकेचे प्रवासवृत्त लिहिणाऱ्या रमाबाई आपल्या. केडगावच्या मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अवघ्या बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या रमाबाई मात्र मिशनच्या. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत हे काम त्यांनी सोडले नाही. कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशी मराठी घडवणे हा त्यांचा हेतू होता, आणि संस्कृत शब्दांसोबत येणारे जुने धार्मिक अर्थ टाळायचे कसे, ही त्यांची अडचण होती. भाषांतरविद्येच्या वर्गात याहून कसदार उदाहरण कोणते मिळेल? संस्कृत सभांत 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवली गेलेली स्त्री आयुष्याच्या अखेरीस संस्कृत शब्दांनाच वेशीवर थांबवते, यात केवढे नाट्य आहे! पण ते 'धार्मिक' ठरले, म्हणून ते वाङ्मय उरले नाही.

आणि टिळक? ते 'फुलामुलांचे कवी'. या एका बिरुदाने त्यांचे जेवढे नुकसान झाले, तेवढे त्यांच्या विरोधकांनीही केले नसेल. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे म्हणणारा हा माणूस. त्यांनी अभंगाला ख्रिस्ती उपासनेचे माध्यम केले. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. भक्तीच्या परंपरेशी एवढे जिवंत नाते जोडणारा आधुनिक कवी आपल्याकडे दुसरा कोण? पण आपण त्याच्या हाती एक फूल आणि एक मूल देऊन त्याला शाळेच्या फाटकापाशी उभे केले आहे.

आम्ही राहतो त्या कळमन्याच्या बाजार आवारात धान्याच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतात आणि त्या मुठीवरून पोत्याचा भाव ठरतो. व्यापारात ही रीत रास्त आहे. वरचा दाणा आणि तळाचा दाणा एकाच शेतातला असतो. ग्रंथ हे पोते नव्हे. 'स्मृतिचित्रे'च्या पहिल्या भागातली मूठ पाहून शेवटच्या भागाचा भाव सांगता येत नाही.

'स्मृतिचित्रे'वर थोडे थांबले पाहिजे, कारण तिथे हा प्रकार सर्वांत सफाईने होतो. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी गद्याचे भूषण आहे, याबद्दल दुमत नाही. वर्गात रंगवून सांगितले जातात ते प्रसंग कोणते? वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचे, टिळकांच्या विसराळूपणाचे, त्यांच्या हातात न टिकणाऱ्या पैशाचे. हसू येते, तास छान जातो. पण त्या सोवळ्याच्या मुळाशी १८५७ च्या धामधुमीत मातामहांना झालेल्या फाशीचा धक्का आहे, हे लक्ष्मीबाईंनीच सांगितले आहे. म्हणजे तो विनोद भयातून उगवलेला आहे. आणि त्याच सोवळ्यात वाढलेली ही बाई पुढे, नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहून, मग परत येऊन, आपले अन्नपाणी वेगळे ठेवून, शेवटी जात ही देवाने केलेली नाही या निष्कर्षाला स्वतःच्या बुद्धीने येते. आधी जात गळते, मग १९०० साली बाप्तिस्मा होतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. नवऱ्याच्या मागोमाग गेलेल्या बायकोची ही कहाणी ठरत नाही, ती याच क्रमामुळे.

सोवळ्याचे हसू आणि जातीचे गळणे हे एकाच कथानकाचे दोन काठ आहेत. पहिला काठ दाखवायचा आणि दुसऱ्यावर पडदा टाकायचा, तर मग मधून वाहत होते ते काय? सोवळ्यावर हसायला आपल्याला आता काहीच पडत नाही. त्या हसण्याने आपण सुधारक ठरतो आणि लक्ष्मीबाईंनी ज्याची किंमत मोजली ते मात्र आपल्याला मोजावे लागत नाही. आमच्या मते निवडीतली खरी सोय हीच आहे.

यावर ठरलेले आक्षेप आहेत. पहिला असा, की हे प्रचारवाङ्मय आहे आणि प्रचाराची साहित्य म्हणून दखल घेण्याचे कारण नाही. उत्तर सोपे आहे. 'लीळाचरित्र' हे एका पंथाचे वाङ्मय आहे. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत, पंथाबाहेरच्यांना वाचता येऊ नयेत अशा रीतीने जपले. तरी चक्रधरांचे सिद्धान्त बाजूला ठेवून केवळ बोलीचे नमुने म्हणून 'लीळाचरित्र' शिकवा, असे कोणी म्हणत नाही. त्याच परंपरेच्या रिद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे, याचा आम्हा वैदर्भीयांना आनंदच आहे. 'दासबोध' हा उपदेश आहे. 'ज्ञानेश्वरी' ही टीका आहे, आणि तिचा अद्वैत विचार वगळून केवळ उपमा शिकवणाऱ्या अध्यापकाला आपण अध्यापक म्हणणार नाही. एका श्रद्धेला तत्त्वज्ञान म्हणायचे आणि दुसरीला प्रचार, हा भेद कोणत्या साहित्यशास्त्रात बसतो, ते आम्हाला दाखवावे.

दुसरा आक्षेप मिशनऱ्यांच्या मराठीवरचा. १८७४ साली 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या चिपळूणकरांपासून तो चालत आला आहे. त्यात तथ्य आहे. हिंदू देवदेवतांची टवाळी करणारी पत्रके, भाषांतराचे सांधे खडखडणारे गद्य, परकीय सत्तेच्या आश्रयाने आलेला आत्मविश्वास, हे सारे घडले आहे आणि त्याची चिकित्सा व्हायलाच हवी. परंतु एखाद्या प्रवाहाचे मोजमाप त्यातल्या गाळावरून करायचे ठरले, तर मराठी कादंबरीचे काय होईल, याचा विचार आक्षेपकांनी करावा.

तिसरा आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही, पण तोच सर्वांत बळकट आहे: धर्म बदलला की माणूस संस्कृतीबाहेर जातो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी २०१९ साली निवड झाली, तेव्हा हा आक्षेप उघड्यावर आला. निषेधाची पत्रे निघाली, आयोजकांना धमक्यांचे दूरध्वनी आल्याच्या बातम्या छापून आल्या. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला संमेलन झाले आणि प्रकृती बरी नसतानाही दिब्रिटो तेथे गेले, हे मराठी समाजाला शोभणारेच झाले. पण आम्हाला खुपते ते त्यांच्या समर्थकांचे बोलणे. ते वसईच्या पर्यावरणासाठी लढले, ते तुकोबांचे अभ्यासक आहेत, ते 'तसले' पाद्री नाहीत, असा बचाव पुन्हापुन्हा ऐकू आला. या माणसाने बायबलचे मराठी भाषांतर केले होते. त्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार मिळाला होता. मराठी लेखक म्हणून त्यांची निवड समर्थनीय ठरवायला याहून वेगळे कारण कशाला हवे होते? विरोधकांनी त्यांच्या झग्याला आक्षेप घेतला आणि समर्थकांनी तो झगा दिसतच नाही असे भासवले. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. श्रद्धांजलीच्या लेखांतही हरित वसईचाच रंग गडद होता.

नागपूरच्या वाचकाला तर हा तिसरा आक्षेप बोलायची सोय नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंनी त्यांच्यामागे ती घेतली. त्यानंतरच्या दलित साहित्याला, बऱ्याच झटापटीनंतर का होईना, समीक्षेने त्याच्या बौद्ध जीवनदृष्टीसकट वाचायला घेतले. धर्मांतर हे भाषेतून बाहेर पडणे नसून भाषेत नव्याने प्रवेश करणेही असू शकते, हे या शहराने मराठीला शिकवले. मग हा धडा १८९५ सालच्या एका बाप्तिस्म्याला लागू का होत नाही? टिळक नागपुरात राहिले होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी येथे ग्रंथकार्य केले, 'ऋषि' हे मासिक काढले. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. पूर्वेकडे जाणारा तो लोहमार्ग आजही कळमन्याजवळून कामठीकडे जातो. लक्ष्मीबाईंनी १९३३ साली मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, तेही नागपुरातच. याच शहरात १८४५ साली आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली गोंडी लिंगोची कथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाली. आज हिस्लॉप म्हणजे आम्हाला एका महाविद्यालयाची इमारत वाटते. याच शहराने ग्रेस यांना डोक्यावर घेतले. ज्यांचे टोपणनाव एका मिशनरी स्त्रीवरच्या चित्रपटातून आले, ज्यांच्या ललितलेखांच्या पुस्तकाचे नाव 'चर्चबेल' आहे, त्यांच्या प्रतिमासृष्टीतला वधस्तंभ आम्हाला गूढ आणि काव्यमय वाटतो. ज्यांच्यासाठी तो वधस्तंभ श्रद्धेचा विषय होता, त्यांच्या काव्यात मात्र तो प्रचार वाटतो. प्रतिमा म्हणून ख्रिस्त चालतो; प्रभू म्हणून आला की अडचण होते.

येथपर्यंत वाचून आमच्या ख्रिस्ती बांधवांना बरे वाटले असेल, तर त्यांनी पुढचेही वाचावे. कारण याच आरोपाचा दुसरा अर्धा भाग त्यांच्यावर आहे, आणि तो अधिक कठोर आहे.

समीक्षकांनी श्रद्धा वगळून ग्रंथ घेतला. आपल्या मंडळ्यांनी ग्रंथ वगळून श्रद्धा घेतली. आपल्यातल्या किती घरांत आज 'स्मृतिचित्रे' आहे? टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने, उतारवयात पुरे केले; ते आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले? कपाटात आढळतात ती परदेशी यशोपदेशकांची भाषांतरे: सात पायऱ्यांत आशीर्वाद, चाळीस दिवसांत समृद्धी या थाटाची. भाषांतर असे, की वाक्य मराठी आणि श्वास परका. उपासनेत टिळकांच्या अभंगांची जागा हिंदी-इंग्रजी गीतांनी घेतली आहे. मुले इंग्रजी शाळेत जातात, घरी-बाजारात नागपुरी आणि हिंदी बोलतात, आणि आजीच्या बायबलमधले 'तारण', 'पापक्षमा', 'पश्चात्ताप' हे शब्द त्यांना परीक्षेतल्या संस्कृतसारखे वाटतात. ज्या भाषेत आजीने मृत्यूच्या वेळी प्रार्थना केली, ती भाषा नातवाला अर्थासाठी विचारावी लागते. समीक्षेने आपल्याला बाहेर ठेवले म्हणून हे झालेले नाही. हे आपण केले.

सकाळी भ्रमणध्वनीवर येणाऱ्या वचनांचे पाहा. सूर्योदयाचे चित्र, त्यावर एक ओळ, खाली फुले. सर्वांत आवडीचे वचन यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले, देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत या आशयाचे. नोकरीची मुलाखत, दहावीचा निकाल, घरासाठी कर्ज, सर्वत्र ते चालते. पण तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे, बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेले. त्या ओळीच्या अगदी आधीच्या वचनात सांगितले आहे, की सुटकेला सत्तर वर्षे लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत जाणार नाहीत. तोपर्यंत परक्या नगरात घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा, आणि ज्या नगराने तुम्हाला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असा तो आदेश आहे. सत्तर वर्षे खोडून उरलेली ओळ म्हणजे गोड शुभेच्छापत्र. सत्तर वर्षांसह वाचलेली ओळ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या धीर धरण्याची शिकवण. बाजारात नळी खुपसून मूठभर काढणारे हात समीक्षकांचे होते, तसे आपलेही आहेत. आणि आपण तर आपल्या स्वतःच्या धर्मग्रंथात ती खुपसली आहे.

यापुढे एकच ऐतिहासिक गोष्ट ठेवतो. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून देण्याचे फर्मान काढले. हे फर्मान ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे होते, हे विसरू नये. तरीही 'क्रिस्तपुराण' नष्ट झाले नाही, कारण ते गाणाऱ्या, ऐकणाऱ्या साध्या भाविकांनी त्याच्या हस्तलिखित प्रती करून ठेवल्या. १९०७ साली मंगळूरला त्याची आवृत्ती निघू शकली, ती या प्रतींच्या आधारे. ११,००० ओव्या हाताने उतरवून काढणारे ते लोक पंडित नव्हते आणि समीक्षकही नव्हते. त्यांना त्या ओव्यांत देव भेटत होता, म्हणून भाषा वाचली. श्रद्धेने साहित्य राखले आणि साहित्याने श्रद्धा राखली. आज समीक्षक आणि मंडळ्या मिळून ज्याची फाळणी करीत आहेत ते हे.

तेव्हा मागणे दोन्हीकडे आहे. मराठीच्या अध्यापकांनी 'स्मृतिचित्रे' नेमायचे असेल तर बाप्तिस्म्यापुढच्या भागासह नेमावे. टिळकांचे अभंग तुकोबांच्या अभंगांशेजारी ठेवून शिकवावेत, आणि ते उणे ठरले तर तसे निर्भयपणे म्हणावे; टाळलेल्या कवीपेक्षा टीका झालेल्या कवीचा मान मोठा असतो. 'अरुणोदय' आत्मचरित्राच्या अभ्यासपत्रिकेत आणि रमाबाईंचे बायबल भाषांतराच्या अभ्यासपत्रिकेत आले पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या श्रीमंतीचा हिशेब मांडताना ही खाती कोरी ठेवून चालणार नाही.

आणि मंडळ्यांनी वर्षाकाठी एक मराठी ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मोठ्याने, मुलांना सोबत बसवून वाचावा. अडलेल्या शब्दाचा अर्थ वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे सांगावा. 'ख्रिस्तायन' घेतले तर फारच उत्तम. एवढे जमत नसेल, तर मराठी साहित्याने आपली उपेक्षा केली हे वाक्य आपण पुन्हा उच्चारू नये. ज्या ग्रंथाची पाने आपल्याच घरात फाडलेली नाहीत, ती विद्यापीठाने फाडून वाचावीत, असा आग्रह धरण्याचा हक्क कोणालाही नाही.